बदामाची नक्षी

बाइंडिंगच्या कामात ज्यांची बोटं जन्मभर खळीत बुडालेली, त्यांना लोक खळकाका म्हणत. त्यांच्या वह्या बघायला माणसं वाट वाकडी करून येत. जुन्या अरबी पद्धतीची कातडी जिल्द, मधोमध उठवलेला बदाम, त्यात गुंतलेल्या वेली, आणि मागच्या पुठ्ठ्याची टोकदार जीभ, कडेवरून वळून पुढच्या पुठ्ठ्याखाली अलगद शिरणारी. नक्षी कुठून आणली, असं कुणी विचारलं की काका म्हणत, "सुचली." आणि उगाचच खळ ढवळत बसत.

सुचलेली नव्हती. सहा वर्षांपूर्वी त्यांना शाळेत शिकवलेल्या बाई स्वतःच्या आजोबांचं पुस्तक दुरुस्तीला घेऊन आल्या होत्या. शिवण उसवली होती, कातडं मात्र ठणठणीत. पण तो बदाम पाहून काकांची नियत फिरली. "कसर लागलीय, बाई, टाकूनच द्यावं लागेल," असं सांगून त्यांनी नवी जिल्द चढवली. जुन्यातला बदाम कापून घेतला आणि त्यावरून पितळी ठसा ओतून आणला.

परवा दुपारी बाई पुन्हा आल्या. नजर आता अधू झालेली.

"अरे, तुझ्या वह्यांचं फार ऐकते. दाखव तरी! शाळेत तर तुझ्या वहीला कधी कव्हर दिसलं नाही."

काका हसले, पण ओठांपुरतंच. बाईंनी वहीवरून बोट फिरवलं. बदामाच्या टोकाशी ते थांबलं.

"हा चरा… आमच्या पुस्तकावर माझ्या भावानं पिनेनं ओढला होता. सपाटून मार खाल्ला होता त्यानं. तू तोसुद्धा आठवणीनं कोरलास? गुणाचा रे माझा!"

त्यापेक्षा शिव्या परवडल्या असत्या. गप्प राहिलं असतं तर बाई खुशीत घरी गेल्या असत्या. काकांना तेवढंही जमेना.

"कोरला नाही, बाई. ते कातडं चांगलं होतं. मी खोटं बोललो."

बाईंनी वही खाली ठेवली. "आहे अजून?"

काकांनी खणातून पुरचुंडी काढली. ठसा घेताना लावलेल्या तेलानं काळवंडलेला, आक्रसलेला तळहाताएवढा तुकडा.

"पुस्तकावर परत बसव."

"नाही बसणार आता. वाकवला की तुटेल."

"वर्गात तुला कधी खोटं बोलताना पकडलं नाही मी," बाई म्हणाल्या. "वाटायचं, येतच नाही याला."

तुकडा त्यांनी रुमालात गुंडाळला. नवी वही टेबलावरच राहिली. दुकानाची पायरी उंच, म्हणून काका पुढे झाले. बाईंनी हात धरला आणि खाली उतरताच सोडला.