अकरा घागरींचा फोटो

स्टुडिओत काम केलेल्या माणसाला किस्से आठवावे लागत नाहीत. एक सांगायला बसावं तर मागचे दहा 'आधी मला सांग' म्हणत उभे! माझे तर पहिल्या पंधरा दिवसांतलेच संपत नाहीत.

लातूर नुकताच जिल्हा झाला होता. दुकानदारांना 'जि. लातूर' छापलेली नवी कॅलेंडरं हवी होती, वर आपल्या मालाचा फोटो. पाऊस मात्र दोन वर्षं फिरकला नव्हता. मी मुरुडची, ड्रॉइंगची परीक्षा पास झालेली. घरी स्थळं बघणं चालू होतं. स्टुडिओवाले काका म्हणाले, "पंधरा दिवस बघतो. जमलं तर ऱ्हा, न्हाई तर मुरुडची बस हायच." मला त्या बसची लई भीती वाटायची.

*

पहिल्याच दिवशी स्टीलची घागर. मी कॅमेऱ्यातून बघितलं आणि ओरडले, "काका, घागरीत कुणी बाई हाय!"

"तूच हायस की!"

स्टीलमध्ये सगळी खोली दिसते, हे मला कुठं माहीत! मग काकांनी घागरीभोवती चादर टांगली आणि तिला कॅमेऱ्यापुरतं भोक पाडलं. चादर काकूंच्या माहेरची होती. त्या दोन दिवस काकांशी बोलल्या नाहीत.

*

उदबत्तीचा धूर फोटोत दिसेना. काका टेबलामागं लपून बिडी ओढत बसले आणि बटण मी दाबलं. उदबत्तीवाल्यानं फोटो बघून डोळेच मिटले. "वाऽ! काय घमघमाट सुटलाय!"

*

सरबतात बर्फ हवा, पण दिव्यांपुढं तो टिकेना. काकांनी ग्लासात तुरटीचे खडे टाकले.

"असं चालतं?" मी विचारलं. मला सगळ्याचंच नवल.

"फोटोला चालतं."

फोटो झाला न झाला, सरबतवाले शेठ उन्हातून आले आणि तोच ग्लास घटाघटा! तोंड असं वाकडं झालं की विचारू नका. काका शांतपणे म्हणाले, "तुरटी हाय ती शेठ. भिऊ नका, पोटातलं गढूळ खाली बसंल!"

*

पंधरावा दिवस. भांडीवाल्याच्या अकरा घागरी, आणि रोल संध्याकाळच्या गाडीनं सोलापूरच्या प्रेसला जायचा होता. ऐन वेळी लाइट गेली.

"गल्लीत उन्हात मांड," काका म्हणाले. "मी रोल भरून येतो. आज तुझं काय ते कळंल."

मी भिंतीकडेनं एका ओळीत घागरी मांडल्या आणि पुसायला फडकं आणायला आत गेले.

बाहेर येऊन बघते तर माझ्या अकरांच्या मागं पन्नास कळशा, डबे, बादल्या! बाया पदर खोचून उभ्या.

"टँकर कवा येनार हाय गं?"

"टँकर न्हाई हो मावशी, फोटो हाय! जरा सरकवा की!"

"सरकवायचं न्हाई! नंबर हाय माझा!"

कुणी ऐकेना. काका कॅमेरा घेऊन आले, रांग बघितली, माझ्याकडं बघितलं. मला रडूच फुटलं.

तेवढ्यात हॉर्न वाजला. तीन आठवडे आमच्याकडं न वळलेला टँकर पुढच्या गल्लीला चालला होता. एवढी रांग बघून ड्रायव्हर थांबला, पाइप काढला आणि पहिल्या नंबरापासून भरत सुटला. भांडीवाल्याच्या अकराच्या अकरा घागरी काठोकाठ!

सगळ्यांचं भरून होईतो ऊन गेलं, गाडीही गेली. काका पायरीवर बसले. "पोरी, पिशवी भर तुझी," एवढंच म्हणाले.

काकू दारात आल्या. पहिल्या घागरीत कोपरापर्यंत हात बुडवून बघितला.

"ही कुठं जात न्हाई," त्या म्हणाल्या. "उद्या परत फोटो काढा. हितंच. अश्शाच रांगेत!"