खांद्यावरचं ठिगळ

छापखान्याच्या माडीवर लांबलचक मेजाशी बायकांची रांग बसे. खालून दगडावर छापलेली काळी-पांढरी चित्रं येत आणि या बायका त्यांत रंग भरत. प्रत्येकीकडे एकच रंग; आपला भरून झाला की कागद शेजारणीकडे सरकवायचा. त्यामुळे खरी नावं कधीच मागं पडली होती. पिवळी, हिरवी, निळी आणि आपली ही लाली. निळीचं तोंड कुंचल्यापेक्षा जास्त चाले, पण ते असो.

त्या वर्षी गोऱ्या साहेबांनी कामकरी बायकांची चित्रमाला काढली. साहेबांच्या देशात लोक ती दिवाणखान्यात लावत म्हणे. पाणी वाहणारी झाली, मासे विकणारी झाली, आणि धोबीण म्हणून चित्रकारानं नेमकं लालीच्या आईलाच उभं केलं. आई धुणं टाकून आली ती तशीच, कामाच्या विटक्या लाल झग्यात. लालीला मेल्याहून मेल्यासारखं झालं. वर आईनं काय करावं? ठिगळ लावलेला खांदाच हौसेनं पुढं केला.

"अगं, निदान तो खांदा तरी झाक!" लाली कुजबुजली.

"राहू दे गं. आहे तसं काढायचं म्हणालेत ना ते?"

चित्र माडीवर आलं. नमुन्यात झगा लाल, ठिगळ निळं. तेवढी जागा लालीनं कोरी सोडायची, ती निळीनं भरायची. लालीनं इकडंतिकडं पाहिलं आणि ठिगळावरूनही लाल कुंचला फिरवला. मुकादमानं कागद उजेडात धरला.

"हे झकास दिसतंय. असंच चालू दे."

मग गठ्ठेच्या गठ्ठे तसेच रंगले आणि पेट्या भरून जहाजावर चढले. छापाचा दगडही घासून पुढच्या चित्राला दिला गेला; आता त्या चित्राची नवी प्रत निघणार नव्हती.

कोपरा फाटलेली एक प्रत लालीनं मोठ्या तोऱ्यात घरी नेली. आई बराच वेळ चित्रातल्या खांद्यावर बोट फिरवत राहिली.

"ठिगळ कुठं गेलं गं?"

"झाकलं की! बघ, कशी राणीसारखी दिसतेस."

"तुझ्या झबल्याचं होतं ते. पहिल्या." आई म्हणाली, "म्हटलं, चित्रात दोघी राहू." आणि ती भांडी घासायला उठली.

पुन्हा तिनं तो विषय काढला नाही. ती गेली तेव्हा झगाही तिच्या अंगावरच गेला. लालीकडं उरला हा कागद. आपल्याला आपल्याच आईची लाज वाटली, हे तिच्या जिवाला खात राहिलं.

एका दुपारी तो कागद माडीवर नेऊन तिनं निळीकडं जरासा निळा रंग मागितला. निळीनं, कधी नव्हे ते, काही विचारलं नाही. पाण्यात कालवलेल्या रंगांच्या या कामात लालावर निळं चढत नाही, काळं पडतं. नव्या पोरींना हे लालीच शिकवायची. तरी तिनं कुंचला टेकवला.

खांद्यावर काळपट डाग उमटला. जन्मभर लोकांच्या कपड्यांवरचे डाग काढले त्या बाईनं, आणि तिच्या अंगावर हा एक डाग पाडला तिच्या लेकीनं. लालीनं तो ओल्या फडक्यानं पुसायला घेतला, तर कागदच उसवू लागला.