फळीवर उमटलेलं नाव

"फळीचे फोटो घेतलेस ना?" सरांनी फोनवर विचारलं.

मी बिनधास्त हो म्हटलं. घेतले होते, आणि काही दिसत नाही म्हणून डिलीट करायच्या फोल्डरमध्ये टाकले होते. तेवढं सांगितलं नाही.

मी अमेरिकेत, स्टेट कॉलेज नावाच्या गावी, युनिव्हर्सिटी लायब्ररीत इमेजिंग करते. म्हणजे खोलीत मिट्ट अंधार करायचा, जुन्या पानावर एकेका रंगाचा प्रकाश पाडायचा आणि फोटो काढायचे. पुसलेली शाई एखाद्या प्रकाशात वर येते. तेव्हा टेबलावर पुठ्ठ्यांऐवजी लाकडी फळ्यांत बांधलेलं, कित्येक शतकं जुनं एक लॅटिन पुस्तक होतं. त्या काळचे बायंडर हिब्रू हस्तलिखितं फाडून फळीला आतून अस्तर लावायचे. इथलं अस्तरही कुणीतरी कधीच उपटून नेलं होतं. पुस्तक दुसऱ्या लायब्ररीचं होतं आणि शुक्रवारी परत जायचं होतं.

सर म्हणजे आमचे रिटायर्ड प्रोफेसर. ऐंशी पार, नजर जवळजवळ गेलेली. आयुष्यभर ते एका मध्ययुगीन ज्यू पंडिताच्या मागे होते. त्याची मतं शिष्यांच्या ग्रंथांत आहेत, नाव कुठेच नाही. गुरूचं नाव तोंडानं घ्यायचं नाही ही त्यांच्यातली रीत, त्यामुळे सगळ्यांनी नुसतं 'आमचे गुरुजी' लिहिलेलं. पुस्तक त्याच्याच गावात बांधलेलं, म्हणून सर आशा धरून बसले होते. "नाव कळल्याशिवाय मला जायचं नाहीये," ते म्हणायचे.

मला त्या शिष्यांचं नवल वाटलं नाही. माझी आई जन्मभर बाबांना 'अहो' म्हणाली. "मला हर्शेल म्हण" असं सर दहादा बोलले असतील, पण माझी जीभ काही वळली नाही.

गुरुवारी सकाळी मनाला टोचलं म्हणून ते फोल्डर उघडलं. अल्ट्राव्हायोलेट प्रकाशातल्या फोटोचा कॉन्ट्रास्ट वाढवून पाहिला आणि अंगावर काटा आला. कोऱ्या लाकडात अक्षरं होती, सगळी उलटी, लाकडाच्या आतून कुणी लिहिल्यासारखी. पान गेलं होतं, पण इतकी शतकं फळीला चिकटून त्याच्या शाईचा ठसा मागे राहिला होता.

मी फोटो आरशासारखा फिरवला आणि सरांना बोलावलं.

"सर, हे मी फेकून देणार होते."

"नाही ना फेकलंस? झालं तर."

त्यांना स्क्रीन दिसेना, मला हिब्रू येईना. त्यांनी तळहात पुढे केला. "काढ यावर."

लाइट आणि ते गार ठेवणारे फॅन बंद केले. स्क्रीनवरचं एकेक अक्षर बघून मी बोटानं त्यांच्या हातावर काढत गेले, उजवीकडून डावीकडे. हात गार पडला होता. त्यांचे ओठ हलत होते, आवाज नव्हता.

"त्याचंच मत आहे," ते म्हणाले. "आणि खाली त्याची सही. मी योना, येकुतिएलचा मुलगा. वाचणाऱ्या, माझं म्हणणं माझ्या नावानं सांग, म्हणजे थडग्यात माझे ओठ हलतील."

मेलेल्या विद्वानाबद्दल त्यांच्यात तसं मानतात. सरांनी ते नाव एकदा मोठ्यानं घेतलं आणि तळहात मिटून घेतला. तेव्हा माझ्या मागे कुणीतरी पुटपुटलं. फॅन असेल, म्हटलं. पण फॅन बंद होते, आणि सर माझ्यासमोर बसले होते.

थंडी सरायच्या आत सर गेले. मी रिपोर्ट दिला. माझी बॉस लिंडा तो वाचता वाचता थांबली.

"सरांनी विचारलं म्हणून फळीचे फोटो पुन्हा तपासले, असं लिहिलंयस. कोण हे सर?"

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पूर्ण रिपोर्टमध्ये त्यांचं नाव एकदाही नव्हतं.

लॅबमध्ये जाऊन मी ते टाइप केलं. हर्शेल ब्रॉडमन. अंधार करून एकदा मोठ्यानंही घेतलं.

तेव्हापासून दोन गोष्टी पाळते. रिकामी दिसली म्हणून फाइल डिलीट करत नाही. आणि ती दोन नावं घेतल्यावर मागे वळून बघत नाही.