कोपऱ्यावरच्या भिंतीवरची माझी माय

माझ्या मायनं स्वतःचं तोंड स्वतःच्या हातानं खरडून काढलं.

खोटं सांगत नाही. भर बाजारात, सकाळी दहा वाजता, शिडीवर चढून.

आज तिला जाऊन वर्ष झालं. ज्यांना ती माहीत नाही त्यांच्यासाठी लिहायले. वाचायला वेळ नसेल तर पुढं सरका, राग नाही.

हुलसूरला आडत दुकानांच्या मागं गोदामांची गल्ली आहे. आमच्या शाळेतले ड्रॉइंगचे सर, शिवराजअण्णा, यांनी मालकांच्या हातापाया पडून तिथल्या पाच भिंती चित्रांसाठी मिळवल्या. आता लोक तिला चित्रगल्ली म्हणतात आणि बीदरहून सेल्फी काढायला येतात.

नियम एकच. चित्र वर्षभरच राहणार. दिवाळी झाली की जुनं काढायचं आणि ज्याचा नंबर असेल त्याला भिंत द्यायची.

जुनं काढणार कोण? माझी माय. शांताबाई. गावासाठी शांताक्का.

जुन्या रंगावर नवा मारला की चार महिन्यांत पापुद्रे सुटतात. म्हणून ती अख्खी भिंत खरडायची, पुट्टी भरायची, घासायची, प्रायमर मारायची.

तिनं हो म्हटल्याशिवाय ब्रश लावायची कुणाची टाप नव्हती. बेंगळूरूहून आलेल्या एका मोठ्या आर्टिस्टला तिनं दोन दिवस नुसता चहा पाजत बसवलं होतं, भिंतीत ओल आहे म्हणून.

साडीवर बाबांचा जुना शर्ट, डोक्याला टॉवेल, केसांत कायम पांढरी भुकटी.

शाळेत असताना मला तिची लाज वाटायची. लिहायला जड जातंय, पण वाटायची.

चार वर्षांमागं भिंती तयार करून देऊन ती आठ दिवस उदगीरला मावशीकडं गेली. तेवढ्यात कोहिनूर गावच्या इरफानभाईंनी कोपऱ्यावरच्या भिंतीवर तिलाच काढलं. ते बोर्ड रंगवणारे पेंटर, हात पक्का. पंधरा फूट उंच माय. शर्ट, टॉवेल, भुकटी, सगळं.

तिनं येऊन बघितलं आणि पहिलं काय केलं? नाक लई मोठं काढलास म्हणून त्यांना झापलं.

पुढं वर्षभर लाजून दुसऱ्या रस्त्यानं जायची. पण घरी पाहुणे आले की त्यांना नेमकं त्याच गल्लीतून फिरवून आणायची.

मी कलबुर्गीला नर्स आहे. वॉर्डातल्या एकेका पेशंटला त्या चित्राचा फोटो दाखवून झाला होता.

कामून एवढं कौतुक, ते सांगते. मायच्या बापानं ह्याच गल्लीत हमाली केली. त्याच्या पाठीवरची पोती गोदामात जायची, पण त्याला पाणी मिळायचं ते बाहेर, वरून ओंजळीत ओतलेलं. त्याच गोदामाच्या भिंतीवर आता त्याची लेक होती.

ती भिंत खरडू द्यायची नाही, असं ठरवूनच मी पुढच्या दिवाळीला रजा घेऊन आले होते.

दिवाळी झाली. अण्णा म्हणाले, ही एक भिंत राहू द्या. नंबर होता जवळच्या मेहकर गावच्या सविताचा. बारावीतली पोर, दोन वर्षं थांबलेली. तीही म्हणाली, राहू द्या, मी आणखी एक वर्ष थांबते.

हे मायच्या कानावर गेलं. दुसऱ्या दिवशी तिनं शिडी लावली.

मी पळत गेले तेव्हा कपाळ गेलं होतं आणि डोळ्यांवर हात चालू होता. मी शिडी धरून तमाशा केला. भाजीवाल्या बायका गिऱ्हाईक सोडून बघायल्या होत्या.

"माय, काय करायलीस? ते तू हायस."

"मी हितं हाय की, शिडीवर. ते निस्ता रंग हाय."

"सगळेच राहू दे म्हणायलेत."

"त्या पोरीचा नंबर हाय. माझ्या बापाला आडवलं, आता मी दुसऱ्याच्या लेकीला आडवू व्हय?"

मी चिडून कलबुर्गीला परत गेले. महिनाभर तिच्याशी बोलले नाही. तिचा फोन आला की ड्युटीवर आहे म्हणून कट करायचे.

सवितानं त्या भिंतीवर तिच्या गावच्या बसस्टॉपवर थांबलेल्या पोरी काढल्या. त्याचे फोटो दाखवून तिला कलबुर्गीला चित्रकलेच्या कॉलेजात अ‍ॅडमिशन मिळाली. पेढे घेऊन आधी आमच्या घरी आली. माय गावभर सांगत सुटली, माझ्या भिंतीवरची पोरगी कॉलेजला चालली म्हणून.

मागच्या वर्षी पाचही भिंती तयार करून दिल्या आणि पंधरा दिवसांत माय गेली. हार्ट. मी नर्स असून काही करता आलं नाही.

गेल्या रविवारी अण्णांकडं मीटिंग झाली. सगळ्यांचं एकमत. कोपऱ्यावरच्या भिंतीवर शांताक्का, इरफानभाई काढणार, आणि ह्यावेळी कायमची.

मग सगळे माझ्याकडं बघायले.

तीन वर्षांपूर्वी मी ह्याच्यासाठीच तर भांडले होते. हो म्हणायला तोंड उघडलंही होतं.

पण मी विचारलं, त्या भिंतीला नंबर कुणाचा आहे?

इरफानभाईंनी सांगितलं, मीनाक्षीवहिनींचा. शिवणकाम करतात, दोन लेकरं, एकदा नंबर मागं गेलेला. वहिनी तिथंच मान खाली घालून बसल्या होत्या.

मी म्हणाले, मग भिंत वहिनींची.

बोलले आणि तिथंच रडले. अण्णाही रडले.

परवापासून मीच खरडायले. हाताला फोड आलेत आणि अर्धी भिंत बाकी आहे. ही बाई पाच भिंती एकटी कशी करायची, मला अजून कळेना.

माय, तू फोन करत राहिलीस आणि मी तोडत राहिले. त्याची माफी मागायची राहून गेली. ती इथं सगळ्यांसमोर मागते.

बरोबर तूच होतीस.

उद्या दुपारपर्यंत भिंत मोकळी होईल. वहिनींना तसं सांगितलंय.

शांताबाईंना, माझ्या मायला, अख्ख्या चित्रगल्लीचा शेवटचा सलाम. जय भीम.