माफीतली पेठ

दिगंबरशेटनं दुकानाची चौकट उपटली तेव्हा भिंतीचा ढपला गेनबाच्या पायावर पडला. गेनबानं पाय हलवला नाही. भरलेल्या गाडीच्या बैलांपुढं तो रस्त्यात आडवा उभा राहिला होता आणि तोंडाला येईल ते बोलत होता. शिव्या इथं लिहीत नाही, पण त्या त्याच्या गावच्या, हिंगण्याच्या होत्या, कच्च्या नव्हत्या.

गाडीत दुकानाची दारं, वासे, आढं, फळ्या, सगळं लाकूड रचलेलं. त्या काळी दुकान हलवायचं म्हणजे असंच. लाकूड ज्याचं त्यानं न्यायचं, माती जागेवर सोडायची.

"सात वर्सं खाल्लं-प्यालं हितं, आन् आता चौकट उपटून चाललास व्हय?"

दिगंबरशेट पैठणचा कापडवाला. बोलायला लोणी. "अहो शेटे, रागावता कशाला? बोलणं काय झालं होतं? सात वर्षं सरकारची पट्टी माफ, जकात माफ. सात वर्षं झाली. आम्ही काही चोरून जात नाही."

"आनखी दोन वर्सं मी तुमच्याकडनं कायबी घेत न्हाई. ऱ्हावा."

"तुम्ही नाही घेतलंत तरी सरकार घेईल की. पलीकडच्या नव्या पेठेत पुन्हा सात वर्षं माफी आहे." मग समजूत घालावी तशा आवाजात म्हणाला, "सवय तुम्हीच लावलीत, शेटे."

ढपला लागला नव्हता तेवढं हे लागलं. गाडी त्याला वळसा घालून निघून गेली.

ही नानासाहेब पेशव्यांच्या कारकिर्दीतली गोष्ट. पुणं फुगत होतं, नव्या पेठा पडत होत्या. पेठ वसवायचं काम सरकार एखाद्या माणसावर सोपवायचं. त्याला शेटे म्हणत. त्यानं गावोगाव हिंडून दुकानदार आणायचे, त्यांना जागा द्यायच्या. आलेल्यांना सरकारातून काही वर्षांच्या माफीचा कौल, म्हणजे लेखी वचन. पेठ उभी राहिली तर शेटेपण त्याच्या पोरा-नातवांपर्यंत, आणि माफी सरली की दर दुकानातून मूठभर माल त्याच्या हक्काचा. नाही राहिली तर बसा ढेकळं फोडत.

गेनबा हिंगण्याचा माळी. आता तिथं कर्वेनगर म्हणतात आणि वाफ्यांच्या जागी इमारती आहेत. वांग्यांची पाटी घेऊन तो शनिवार पेठेत यायचा, आणि रोज त्याला कुणीतरी उठवायचं. पालखी येतीय, ऊठ. सावलीत बसू नकोस, ऊठ. आमच्या दारापुढं नको, ऊठ. एके दिवशी पाटी लाथेनं उडाली, वांगी गटारात गेली. त्या दिवशी त्याच्या डोक्यात खूळ शिरलं, की माणसाला कुणी उठवणार नाही असा एक बाजार पाहिजे. मळा भावाच्या गळ्यात घातला, शकूला म्हणजे बायकोला बरोबर घेतलं, आणि नागझरी ओढ्याच्या काठची कुणाला नको असलेली ओसाड जागा मागून कौल मिळवला.

खूळ चांगलं होतं. पुढचं सगळं त्यानं स्वतःच्या हातानं नासवलं.

तो पैठणला गेला, जुन्नरला गेला. कापडवाले, सराफ, कासार यांच्या ओट्यांवर बसून विनवण्या केल्या. मोठं नाव आलं की गर्दी मागनं येते, असं त्यानं धरलेलं. ती माणसं कुरकुरत आली, आणि रस्त्याकडच्या चांगल्या जागा त्यांना मिळाल्या. जी माणसं न बोलावता आली ती मागं, ओढ्याकडं, माशा आणि चिखलात. कुंभार, बुरूड, घोंगडीवाला आणि फुटाणे भाजणारी मैना.

मैना तर सगळ्यांच्या आधीची. पाया खणणाऱ्या बेलदारांना काहीतरी खायला लागतं म्हणून तिनं रस्त्यालगत भट्टी मांडली, तेव्हा पेठेत एकही भिंत नव्हती. मग दिगंबरशेट आला. धुरानं कापड काळं पडतं म्हणाला. गेनबानं स्वतः मैनेची कढई उचलून मागं नेऊन ठेवली.

"मैने, पेठंला शोभा पायजे."

"शोभा फुटाणं खाती व्हय रं?" एवढं बोलून ती कढईमागनं गेली.

लोकांना उठवणाऱ्यांवर चिडून ज्यानं बाजार मांडला, त्यानं पहिलं कुणाला उठवलं ते बघा.

दिगंबरशेट गेला त्याच आठवड्यात सराफ गेला, कासार गेला. चौकटी उपटलेली दुकानं जबडा वासून रस्त्याकडं बघत राहिली. सरकारी कारकून श्रीनिवासपंत पाहणीला आले. बरोबर त्यांचा मेव्हणा.

"वा, शेटे," पंत म्हणाले. "पेठ मोठी हवेशीर केलीत."

गेनबा रस्त्यात पडलेली ढेकळं पायानं बाजूला सारायला लागला.

"येत्या बाजाराच्या दिवशी पुन्हा येतो. पुढची दुकानं नांदती दिसली, तर शेटेपण तुमचं. नाही दिसली, तर आमचे हे मोकळेच आहेत."

मेव्हणा तोवर दिगंबरशेटची जागा पावलांनी मोजायला लागला होता.

गेनबा तिथून तडक मागच्या गल्लीत गेला. मैना कढईत वाळू हलवत होती.

"मैने, उद्या भट्टी म्होरं आन. दिगंबरशेटच्या जागंवर."

"का? शोभा पळाली व्हय?"

"पंत येनार हायती. दुकानं भरल्याली दिसाया पायजेत."

"आन् पंत गेल्यावर?"

मैनेनं झारा कढईवर आपटला. "एका दिसाचं सोंग आनतूस, मुडद्या? सात वर्सं चिखलात बसवलंस. माफी आमालाबी व्हती, पन त्या चिखलात गिऱ्हाईक यायचं कसं? आमी गेलो का सोडून? इचारलंस का कधी, का गेलो न्हाई म्हून?"

"का न्हाई गेलात?"

"आमाला कोन बोलवाया आलं न्हाई म्हून! तुज्यावानी येडं दुसऱ्या पेठंत बी हायती. ती बी कापडवाल्याच्याच दारात बसत्यात."

हे ऐकून तो हसला असेल असं वाटेल. नाही हसला. उलटा भडकला. ही पेठ नसती तर तू कुठं असतीस, म्हणाला. मैना म्हणाली, ह्याच काठाला, आणि तू हिंगण्यात वांगी तोडत असतास. कुंभार आणि बुरूड दारात येऊन हात बांधून ऐकत होते. कुणी मधे पडलं नाही.

शेवटी मैनेनं सांगितलं ते असं. येऊ, पण कायमचं. भट्टीसकट. उद्या कुणी रेशमाचा व्यापारी आला, तर धूर ज्याला सोसत नाही त्यानं मागं जावं. आणि डोक्यावर छप्पर पाहिजे, उघड्यावर नाही.

"लाकूड कुठनं आनू?" गेनबा ओरडला. "समदं गाड्यांत घालून न्हेलं त्यांनी!"

"तुज्या घराला हाय की."

गेनबा घरी गेला आणि न बोलता पडवी उतरवायला लागला. मग माजघराचे वासे काढले. दार काढायला लागला तेव्हा शकू उंबऱ्यात आडवी झाली.

"दाराबिगर निजू व्हय मी?"

"हो बाजूला."

"पैठनवाल्याच्या बायकूला लुगडं न्हेसवलं, ओटी भरली मी. तवा न्हाई कुनाचं दार काढलंस. आता माजंच बरं सापडलं!"

"शके, हो बाजूला."

ती बाजूला झाली, पण पुढं म्हातारी होईपर्यंत ते दार तिनं त्याला ऐकवलं.

बाजाराच्या दिवशी रस्त्याकडं चार दुकानं उभी होती. वासे आखूड, छप्पर तिरकं, पण गिऱ्हाईक दाटलेलं. ओढ्यापर्यंत चिखलात जायला जे लोक कंटाळायचे ते आता वाटेवरच थांबत होते. पागेतले स्वार फुटाण्यांना ओंजळी पुढं करत होते. धूर सगळीकडं. पंतांच्या मेव्हण्याला ठसका लागला.

"ही पेठ आहे की भटारखाना?" पंत म्हणाले. ते मैनेकडं वळले. "बाई, ह्या माणसाला तुम्ही शेटे मानता?"

"मानायचं काय त्यात? शिव्या द्याया रोज ह्योच घावतो. बाकीचं समदं पळालं."

पंतांना नाव ठेवायला जागा उरली नाही. दुकानं नांदती होती, बोलणं झालं होतं. मेव्हण्याला घेऊन ते निघून गेले. शेटेपण राहिलं.

माफी संपली होती, म्हणजे प्रत्येक दुकानातून मूठभर माल घ्यायचा शेट्याचा हक्क आता लागू झाला. गेनबा पहिल्यांदा मैनेपुढं जाऊन उभा राहिला. अजून धुमसतच होता. "पंतापुढं चार सबूद बरं बोलली असतीस तर जीभ झडली असती का गं?"

मैनेनं कढईच्या तळातले मूठभर फुटाणे काढून त्याच्या हातावर टाकले.

"करपल्यालं देतीस?"

"हक्क मुठीचा हाय," मैना म्हणाली. "चवीचा न्हाई. हो बाजूला, गिऱ्हाईक खोळंबलंय."