गादीवाल्यांचा राजा

“कलेतलं मला काही कळत नाही बाई, म्हणून तर पैसे देतो; कळलं असतं तर हुज्जत घातली असती,” असं गादीवाले पहिल्याच भेटीत म्हणाले होते. त्यानंतर त्यांनी वर्षभर हुज्जतच घातली.

बाई शाळेच्या हॉलमध्ये संध्याकाळी आसपासच्या मुलांना नाटक शिकवत. हॉलच्या भाड्यासाठी त्या बाजारभर हिंडल्या तेव्हा चपलांच्या दुकानदाराने चहा पाजला, औषधवाल्याने सल्ला दिला आणि गादीवाल्यांनी होकार. अट एकच: नाटकात त्यांची गादी दिसली पाहिजे.

वडिलांच्या हाताखाली कापूस पिंजत मोठा झालेला हा माणूस कुठेही गेला तरी बसण्याआधी जागा पंजाने दाबून बघे आणि तोंड वाकडं करी. स्मशानातल्या बाकालाही त्यांनी सोडलं नव्हतं, असं त्यांची बायको सांगे. दुकानात गाद्यांच्या थप्प्या छताला टेकलेल्या. त्यांच्यात आवाज बुडून जाई. आत शिरलेलं गिऱ्हाईक आपोआप हळू बोलू लागे, घरात कुणी आजारी असल्यासारखं.

बाईंनी झोप न येणाऱ्या राजाचं नाटक लिहिलं. गादी पहिल्या प्रवेशापासून समोर. गादीवाले खूश होते, शेवटाची तालीम बघेपर्यंत.

“थांबा, थांबा! राजा कुठे झोपला?”

“मजुराशेजारी. जमिनीवर.”

“आणि माझी गादी?”

“ती महालात.”

“म्हणजे माझ्या गादीवर झोप येत नाही, हे लोकांना सांगायला मी पैसे मोजतोय? त्यापेक्षा दुकानाची किल्लीच घ्या ना!”

“अहो शेठ, दोष गादीचा नाही. राजाच्या मनात—”

“गिऱ्हाईक मन दाबून बघत नाही बाई, गादी बघतं.”

राजा झालेली चिमुरडी मुकुट सावरत म्हणाली, “काका, मला गादीवर चालेल. मऊ आहे.”

“बघा! राजाला विचारा!”

“राजाला अक्कल नाही,” बाई म्हणाल्या.

“शेवट बदला. नाहीतर पुढच्या वर्षी दुसरा प्रायोजक बघा.”

बाईंनी मन मारून नवा शेवट लिहिला. राजा गादीवरच झोपतो. मुलांनी तो ऐकला आणि विचारलं, “मग तो आधीच का नाही झोपला?” बाईंनी कागद फाडला. पुढच्या वर्षी वर्ग बंद पडला तर पडो, राजा जमिनीवरच झोपेल, असं त्यांनी गादीवाल्यांना तोंडावर सांगितलं.

गादीवाले फुगले. पण तालमीला रोज हजर. “गादीवर कुणी चपला घालून नाचू नये म्हणून येतो,” म्हणत. कोपऱ्यात बसल्या बसल्या त्यांचे ओठ मात्र संवादांबरोबर हलत. एकदा सगळी मुलं गेल्यावर ते बाईंजवळ घुटमळले.

“बाई, जमिनीवर खरंच येते का हो?”

“काय?”

“झोप.”

बाईंना हसावं की नाही ते कळेना. पुढे त्यांच्या बायकोनेच सांगितलं, “कित्येक वर्षं घरभर येरझाऱ्या घालतात. नवी गादी निघाली की आधी आमच्या खोलीत येते. काडीचा उपयोग नाही.”

प्रयोगाला पहिली रांग गादीवाल्यांच्या गिऱ्हाइकांनी आणि व्यापाऱ्यांनी भरली होती. मुकुट घालून सकाळपासून हुंदडलेला राजा तळमळण्यासाठी गादीवर आडवा झाला. एकदा तळमळला, दुसऱ्यांदा अर्धवट, आणि मग थांबलाच.

वैद्य आले. “महाराज, डोळ्याला डोळा लागत नाही म्हणता?”

महाराज घोरले.

हॉल हसून लोटपोट झाला. जादूगार मंत्र म्हणायला आला, आपण काही म्हणण्याआधीच गुण आलेला बघून घाबरला आणि परत पळाला. एका व्यापाऱ्याने गादीवाल्यांच्या पाठीवर थाप मारली. “मानलं शेठ! अशी जाहिरात जन्मात बघितली नाही!” लोक त्यांच्याकडे वळून वळून टाळ्या पिटू लागले. विंगेत बाई दबक्या आवाजात “उठ गं, उठ!” करत होत्या. ज्या शेवटासाठी त्यांनी वर्ग पणाला लावला होता, तो डोळ्यांदेखत वाहून चालला होता.

गादीवाले उठले. हा आता वाकून नमस्कार करणार, बाईंना वाटलं.

त्यांनी चपला पायरीखाली काढल्या आणि ते रंगमंचावर चढले. राजाला मुकुटासकट दोन्ही हातांवर उचललं, अख्खा रंगमंच ओलांडून शेवटच्या प्रवेशाच्या खडूच्या खुणेपाशी नेलं आणि उघड्या फळ्यांवर अलगद ठेवलं. राजाने कूस बदलली, गालाखाली हात घेतला आणि तो तसाच झोपून राहिला. मजूर झालेल्या मुलाला काय सुचलं कोण जाणे. तो विंगेतून आला आणि शेजारी पसरला. हसणं विरत गेलं. हॉल इतका शांत झाला की दोघांचे श्वास ऐकू येऊ लागले.

गादीवाले जरा वेळ बघत उभे राहिले. तोच व्यापारी रांगेतून ओरडला, “अहो शेठ, गादी तिकडे आहे!”

गादीवाल्यांनी त्याच्याकडे पाहिलं नाही. गादीकडेही नाही. ते खाली उतरले, चपला हातात घेतल्या आणि राजाला जाग येऊ नये म्हणून चवड्यांवर चालत, खुर्च्यांच्या मधल्या वाटेने बाहेर गेले.