पांढरी दोनमधला म्हातारा

माझ्या माहितीप्रमाणे अमेरिकेतलं ब्लूज संगीत कोल्हापुरात आलं ते ख्रिस्ती भजनांच्या तळाशी लपून. मिशनच्या बंगल्यात राहणाऱ्या एक वयस्कर अमेरिकन बाई सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला कायमच्या मायदेशी निघाल्या. जाण्याआधी त्यांनी घरातलं सामान विकायला काढलं. आमच्या पेठेतले मास्तर त्यातलं एक लाकडी खोकं घेऊन आले. मुलींच्या शाळेतून संगीतशिक्षक म्हणून निवृत्त झालेले हे मास्तर घरी पेटीच्या शिकवण्या करायचे आणि लोकांच्या पेट्या दुरुस्तही करून द्यायचे. सुटे भाग ठेवायला त्यांना खोकं हवं होतं. आतल्या रेकॉर्डी त्याच्याबरोबर आल्या, इतकंच.

वरच्या सगळ्या रेकॉर्डी भजनांच्या निघाल्या. तळाच्या एका रेकॉर्डच्या लेबलावर मात्र बाईंनी पांढरा कागद चिकटवून त्यावर शाईनं एका भजनाचं नाव लिहिलं होतं. कागद इतका पक्का बसला होता की खालचं काही वाचता येईना. ती रेकॉर्ड आम्ही लावली. एक गिटार, एक पुरुषाचा आवाज, आणि देवाशी काडीचा संबंध नसलेलं गाणं. बाईंबद्दलचा माझा आदर त्या दिवशी एकदम वाढला.

आम्ही दर रविवारी सकाळी मास्तरांकडे जमायचो. आम्ही म्हणजे मास्तर, मी आणि वकीलसाहेब. मी कॉलेजात इंग्रजी शिकवत होतो. वकीलसाहेब गावातल्या बहुतेक समित्यांचे अध्यक्ष होते आणि उरलेल्यांचे माजी अध्यक्ष. मास्तरांचा ग्रामोफोन चावीचा. रेकॉर्ड लावण्याची त्यांची एक पद्धत होती आणि तिच्यात बदल चालत नसे. आधी पेटी उघडायची. रेकॉर्ड सुरू करून गवयाचा सा पेटीवर शोधायचा. तो दोन पट्ट्यांच्या मध्ये लटकत असला, किंवा मास्तरांच्या मते भलत्याच पट्टीत असला, तर ग्रामोफोनची वेगाची खुंटी फिरवून त्याला जागेवर आणायचा. मगच ऐकायला बसायचं. खुंटीशेजारी मिनिटाला अठ्ठ्याहत्तर फेऱ्यांचा आकडा कोरलेला होता, पण मास्तरांचा त्याच्यावर विश्वास नव्हता.

"कंपनीचा माणूस गवयापेक्षा शहाणा असतो होय?" ते म्हणायचे. "रेकॉर्ड झाली म्हणून काय झालं, पट्टी जुळल्याशिवाय गायचं नाही."

आपल्याकडच्या गाणाऱ्यांच्या बाबतीत हे ठीक होतं. कोण कुठल्या पट्टीत गातो ते मास्तरांना पाठ होतं, आणि खुंटी फिरवल्यावर आवाज खरोखरच ओळखीचा व्हायचा. हा अमेरिकन माणूस मात्र पेटीच्या चौथ्या पांढऱ्या पट्टीत, पांढरी चारमध्ये निघाला.

"पुरुष माणूस पांढरी चारमध्ये गातो?" मास्तर म्हणाले. "चाक जोरात फिरतंय." आणि त्यांनी त्याला उतरवत उतरवत पांढरी दोनमध्ये आणून बसवला.

तिथे त्याचा म्हातारा झाला. आवाज जड, खर्जातला. गिटारची तार चिखलातून पाय काढावा तशी एकेक स्वर काढायची. त्याचा गंधार कोमल नव्हता आणि शुद्धही नव्हता. मास्तर तो पेटीवर शोधून थकले. शेवटी म्हणाले, "हा पेटीत नाही. हा माणूस जिथं बसलाय, तिथंच तो मिळणार." शब्द काय आहेत ते मी सांगावं अशी अपेक्षा होती. इंग्रजी शिकवणाऱ्याला अमेरिकेतलं सगळं कळतं अशी लोकांची समजूत असते आणि आपण ती मोडत नाही. रेकॉर्ड घासलेली, उच्चार अनोळखी. मला एकच शब्द लागला आणि तो पुन्हा पुन्हा यायचा.

"'गेली' म्हणतोय," मी सांगितलं.

मास्तरांच्या पत्नीला जाऊन तेव्हा वर्ष होत आलं होतं. शिकवण्या त्यांनी बंद केल्या होत्या. आमची रविवारची बैठकही आम्ही नेटानं जायचो म्हणून चालू होती. त्या रविवारी त्यांनी म्हाताऱ्याला पुन्हा लावलं. पुढच्या रविवारीही लावलं. मग दर बैठकीची शेवटची रेकॉर्ड तीच ठरली. हळूहळू त्यांनी म्हाताऱ्याचा संसार उभा केला. सत्तरी उलटलेली, बायको गेलेली, मुलगा शहरात, घरापुढे नदी. "आता एकटाच चुलीपुढं बसत असणार," ते म्हणायचे, आणि चहा स्वतः करायला उठायचे. त्या सहा-सात महिन्यांत शिकवण्या पुन्हा सुरू झाल्या. म्हाताऱ्यानं मास्तरांना उठवून बसवलं, हे आम्हाला दिसत होतं.

अशात वकीलसाहेबांच्या पुतण्यानं अमेरिकेहून त्यांच्यासाठी एक लाँगप्ले पाठवली. जुन्या ब्लूज गाण्यांचं संकलन. वकीलसाहेबांना संगीताची आवड होती, पण एकट्यानं ऐकण्याइतकी नव्हती. त्यांनी ताबडतोब एका शाळेचा हॉल ठरवला आणि 'जागतिक लोकसंगीत संध्या' जाहीर केली. मी इतिहास सांगायचा, मास्तरांनी आपली रेकॉर्ड आपल्या ग्रामोफोनवर वाजवून म्हाताऱ्याविषयी बोलायचं आणि मग वकीलसाहेब लाँगप्लेतलं एक गाणं ऐकवणार. मला त्यांनी लाँगप्लेचं फक्त कव्हर दिलं. रेकॉर्ड कार्यक्रमाच्या दिवसापर्यंत त्यांच्या कपाटात कुलपात राहिली.

संध्याकाळी हॉल बऱ्यापैकी भरला. दीपप्रज्वलन झालं. प्रमुख पाहुणे साखर कारखान्याचे संचालक होते. त्यांनी रेकॉर्ड प्लेअरला हार घातला, तो फिरत्या तबकडीत अडकू नये म्हणून लगेच काढावा लागला. नारळही फुटला. वकीलसाहेबांनी प्रास्ताविकात अमेरिकेला आपल्या गावाचे उपकार मानायला लावले. मग मी उठलो आणि कव्हरच्या पाठीवर वाचलेला इतिहास स्वतःच्या अभ्यासासारखा सांगितला.

सांगितलं ते थोडक्यात असं. अमेरिकेतल्या काळ्या लोकांचं हे गाणं कंपन्यांना बरीच वर्षं रेकॉर्ड करण्याच्या लायकीचंच वाटलं नव्हतं. पहिलं महायुद्ध संपल्यावर एका बाईची रेकॉर्ड निघाली, ती धडाक्यानं खपली, तेव्हा कुठे कंपन्यांचे कान उघडले. आधी नाटक-तमाशाच्या थिएटरांत गाणाऱ्या बायका, मागे वाद्यवृंद. मग मायक्रोफोन आला, आणि खेड्यापाड्यांतले गिटारवाले एकेकटे गडी सापडू लागले. कंपनीचे लोक यंत्र घेऊन दक्षिणेत फिरायचे, एखाद्या हॉटेलात खोली घेऊन गाणाऱ्यांना बोलवायचे. रेकॉर्ड काढणाऱ्यांत एक फर्निचरवालेही होते. ग्रामोफोनची कपाटं खपावीत म्हणून ते गाणी छापायचे. या रेकॉर्डींच्या जाहिराती वेगळ्या, याद्या वेगळ्या. गोऱ्यांच्या यादीत त्यांना जागा नव्हती. एका बाजूला तीन मिनिटं मिळायची, दुःख तेवढ्यात आटपायचं. पुढे मंदी आली, धंदा बसला, गाणारे शेतावर नाहीतर शहरातल्या कारखान्यांत गेले आणि गिटारला वीज लागली. आता त्यांच्या जुन्या रेकॉर्डी गोऱ्यांची मुलं अडगळीतून शोधून काढत होती.

फर्निचरवाल्यांवर टाळ्या पडल्या. श्रोत्यांत सुतारगल्लीची मंडळी बरीच होती.

मास्तरांनी पेटी उघडली, सा जुळवला आणि म्हाताऱ्याला लावलं.

"गडी लईच खचलाय की," प्रमुख पाहुणे हळूच म्हणाले, पण माइक समोर होता.

"बायको गेलीय त्याची," मास्तर म्हणाले. मग ते म्हाताऱ्याबद्दल बोलले, नदीबद्दल, चुलीबद्दल. मी त्यांना शिकवणीबाहेर इतकं बोलताना कधी ऐकलं नव्हतं. पुढच्या रांगेतल्या दोन बायकांनी डोळ्यांना पदर लावला.

मग वकीलसाहेबांनी लाँगप्लेवर सुई ठेवली. "आणि हा एक उमदा, तरुण कलावंत," ते कव्हर बघून म्हणाले.

गिटार टणटणत सुरू झाली. आवाज कोवळा, उंच, खोडकर. श्रोते पायानं ठेका धरू लागले. मी मास्तरांकडे पाहिलं. त्यांनी पहिल्याच ओळीला मान वर केली होती.

मागून आमच्या पेठेतला दूधवाला पैलवान ओरडला, "आवो मास्तर, ह्यो तर तुमच्या म्हाताऱ्याचा नातू हाय की!"

हॉल हसला. मास्तर उठले. पेटीवर पांढरी चार दाबली आणि गाण्याला लावून बघितली. तंतोतंत जुळली. वकीलसाहेबांनी सुई उचलली. त्यांना काय झालं ते कळलंच नव्हतं.

"नातू नव्हे," मास्तर म्हणाले. "तोच आहे. मीच त्याला म्हातारा केला."

लोक पुन्हा हसले, यावेळी जरा प्रेमानं. वकीलसाहेबांनी आभारात 'एकाच गीताचं तुलनात्मक दर्शन' घडल्याचं जाहीर करून टाकलं. मास्तरांना शाल आणि श्रीफळ मिळालं. घरी येताना ग्रामोफोन मी उचलला होता. वाटेत ते फक्त एवढंच म्हणाले, "लग्न तरी झालं असेल का रे त्याचं?"

पुढच्या रविवारी मी जरा भीतच गेलो. वकीलसाहेब आले नाहीत. ते पन्हाळ्याला कुठल्याशा उद्घाटनाला गेले होते. दार उघडं होतं. मास्तर ग्रामोफोनपुढे बसले होते आणि खुंटी अठ्ठ्याहत्तरवर होती. पोरगा उड्या मारत गात होता.

"कव्हरवर शब्दांचं काही होतं?" त्यांनी विचारलं.

होतं. मला ते सांगायचं नव्हतं. पण ते वाट बघत बसले, तेव्हा सांगितलं. याची बाई दुसऱ्याबरोबर पळून गेलीय, जाताना घरातलं चांगलं पांघरूण घेऊन गेलीय, आणि हा त्या पांघरुणासाठी जास्त रडतोय. गाणं थट्टेचं आहे.

मास्तर हसले. पत्नी गेल्यापासून त्यांना असं मोकळं हसताना मी पाहिलं नव्हतं. हसता हसता डोळे पुसले, मग रेकॉर्ड संपून सुई आत घासायला लागली तरी तसेच बसून राहिले.

"म्हणजे गेलीच की," ते म्हणाले.

"हो, पण दुसऱ्याबरोबर..."

"कुणाबरोबर का जाईना. घरात नाही ना?"

त्यांनी चावी भरली आणि रेकॉर्ड पुन्हा सुरू केली. पोरग्याच्या दोन ओळी ऐकल्या. "फार घाईत आहे," असं म्हणून खुंटीला हात घातला. मला वाटलं, आता पांढरी दोन. पण ते मध्येच थांबले. तिथे कुठली पट्टी होती कोण जाणे. पेटी शेजारीच होती, ती त्यांनी उघडली नाही.

पुढे बऱ्याच वर्षांनी मी वाचलं की त्या काळातल्या रेकॉर्डींचा खरा वेग कोणता यावर तिकडचे जाणकारही एकमेकांशी भांडतात, कारण यंत्रं कंपनीगणिक कमीजास्त फिरायची. मास्तरांना हे सांगायचं राहून गेलं. सांगितलं असतं तरी त्यांनी खुंटी हलवली नसती. त्या सकाळी तिथून जो आवाज आला तो पोरग्याचा नव्हता आणि म्हाताऱ्याचाही नव्हता. साठीच्या आसपासचा, पत्नी गेलेला, पण अजून थट्टा करू शकणारा एक माणूस गात होता. मास्तर मान हलवत ऐकत होते. मी चहा टाकायला उठलो तर म्हणाले, "बस. हे झाल्यावर मी करतो."